भरतीच्या वेळी बेकायदेशीर

लग्न होऊन मी वसईहून खाडी ओलांडून मोरव्याला आले, तेव्हा घरच्यांना सून हवी होती आणि मामंजींना कारकून. माझे सासरे गावचे पोलीस पाटील. मराठी त्यांना वाचता यायचं, पण वरून येणारे कागद बरेचसे इंग्रजीत असायचे. तसा कागद आला की ते तो उलटासुलटा करून बघायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे. मी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, अंगावरची हळद उतरायच्या आत, त्यांनी ते कपाट माझ्यापुढे उघडलं आणि म्हणाले, "वाच." आत अकरा वर्षांचे कागद होते. यजमान रेल्वेत, आठवड्याला एकदा घरी येणार. तेव्हा माझा संसार खऱ्या अर्थाने त्या कपाटाशीच सुरू झाला.

डॉक्टर आमच्या गावात आले ते मामंजींच्या दाढेमुळे. जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मामंजींची दाढ सुजली होती आणि तिचा त्रास त्यांना कमी, आम्हाला जास्त होत होता. लवंग झाली, हळदीचा लेप झाला, शेवटी गाल धरून ते ओटीवर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा उद्धार करू लागले. तेवढ्यात भर उन्हात कोट आणि टाय घातलेला एक उंच गोरा माणूस दोन हातांत दोन पेट्या घेऊन रस्त्याने आला. उत्तनच्या एका पाद्रीबाबांनी त्याला खोली देऊ केली होती, पण हा पोहोचेपर्यंत पाद्रीबाबांची बदली झालेली. आता तो चालत भाईंदर स्टेशनाकडे परत निघाला होता. त्याने खुणेने पाणी मागितलं, मी तांब्या दिला. पाणी पिता पिता तो मामंजींच्या गालाकडे बघत राहिला. मग तांब्या खाली ठेवला, एक पेटी उघडली, मामंजींचं डोकं काखेत धरलं आणि काय होतंय ते कळायच्या आत दाढ उपटून त्यांच्या तळहातावर ठेवली. आपल्याला ओरडायला सवडसुद्धा मिळाली नाही, ह्याचा राग मामंजींनी पुढे जन्मभर बाळगला.

तोंडातलं रक्त थुंकून ते पहिलं वाक्य बोलले ते हे: "ह्या मान्साला जाऊ देऊ नको."

आमच्या शेजारी एक विधवा बाई एकट्या राहत. सगळा गाव त्यांना काकी म्हणायचा आणि टरकून असायचा. त्यांच्या घराची पुढची खोली रिकामी होती. काकींनी डॉक्टरांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, टाय ओढून बघितला आणि विचारलं, "म्हावरं खातो का?" म्हावरं म्हणजे मासे हेही न कळून डॉक्टरांनी मान हलवली. बस्स, राहायची सोय झाली. पुढे ते मराठी शिकले तेही काकींकडूनच. काकी दिवसभर कोंबड्यांशीच जास्त बोलत असल्यामुळे पहिले सहा महिने डॉक्टरांना कोंबड्यांना घालायच्या शिव्या तेवढ्या अस्खलित येत होत्या. दात काढताना रोगी हलला की ते त्याच वापरायचे.

आपली हकिकत त्यांनी मला तुकड्यातुकड्याने इंग्रजीत सांगितली. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण सारखंच लंगडं, म्हणून आमचं जमलं. ते जर्मनीतले, दातांचे डॉक्टर, धर्माने ज्यू. त्यांच्या गावच्या कचेरीत नागरिकांचं रजिस्टर होतं आणि त्यात त्यांच्या पणजोबांपासूनची नावं. एके सकाळी त्यांना तिथे बोलावलं आणि कारकुनाने त्यांच्या देखत त्यांच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढली. त्या कारकुनाचे चार दात डॉक्टरांनीच भरलेले होते. रेघ ओढून झाल्यावर तो म्हणाला, वरचा डावा अजून जरा ठणकतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं, मग स्वतःची भयंकर लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, "हस. मीसुद्धा हसलो होतो. मग घरी जाऊन पेट्या भरल्या."

लढाई सुरू झाली आणि महिन्याभरात मामंजींच्या नावाने जाडजूड इंग्रजी लखोटा आला. मी वाचला, पुन्हा वाचला आणि मग घाबरत घाबरत मराठीत सांगितला. मोरवा येथे राहणारी सदर व्यक्ती शत्रूराष्ट्राची नागरिक आहे. तिची नोंद ठेवावी. सकाळ-संध्याकाळ वहीत सही घ्यावी. सूर्यास्त ते सूर्योदय तिने घराबाहेर पडू नये. तिने कॅमेरा, रेडिओ आणि दुर्बीण बाळगू नये. भरतीच्या पाण्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहू नये. काही मोडलं, तर तिची रवानगी काटेरी तारांच्या छावणीत होईल.

"त्यांनी हाकललेला मानूस त्यांचाच कसा?" मामंजींनी विचारलं.

मला काय ठाऊक? सोबतचा फॉर्म मी तीनदा चाळला. शत्रू, मित्र, तटस्थ असे तीन रकाने होते. जीव वाचवायला पळून आलेल्या माणसासाठी रकानाच नव्हता. मी कडेला बारीक अक्षरात लिहिलं की हे गृहस्थ शत्रूचे आहेत खरे, पण शत्रूला ते नको आहेत. तो फॉर्म परत आला. कडेला काही लिहू नये, असा शेरा होता.

पण मामंजींचं सगळं लक्ष त्या अर्ध्या मैलावर खिळलं होतं. "भरतीचं पानी म्हंजी कनच्या दिवसाचं?" ते म्हणाले. ज्याने हुकूम लिहिला त्याच्यापुढे नकाशा असणार आणि नकाशावर समुद्राची एकच निळी रेघ. आमच्याकडे समुद्राला एक जागा कधीच नव्हती. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, त्याला भांग म्हणतात. तेव्हा भरतीसुद्धा तिवरांच्या झाडीपलीकडेच थांबते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा पाणी मिठागरं ओलांडून पार बांधाला लागतं, आणि बांधापासून काकींचं घर हाकेच्या अंतरावर. म्हणजे तोच माणूस, त्याच खोलीत, अष्टमीला दिवसभर कायदेशीर आणि अमावास्येला दुपारी चार तास बेकायदेशीर.

दुसऱ्या कुणी पाटलाने सरळ कानाडोळा केला असता. मामंजींनी माझ्याकडून वर पत्र लिहवून घेतलं: समुद्र कोणत्या वेळचा धरावा, कृपया खुलासा व्हावा. चार महिन्यांनी उत्तर आलं की आपलं पत्र मिळालं.

तोवर आम्ही आमच्या मतीने कायदा पाळायला लागलो होतो. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, दुपारी बारापासून तितके तास पुढे मोजायचे. चतुर्थीला तीन वाजता, असं. पाणी चढायला लागलं की मामंजी काकींच्या अंगणात जाऊन ओरडायचे, "डाक्टर, चल, समुद्र आला!" मग डॉक्टर आपली घडीची खुर्ची उचलायचे आणि डोंगरी गावाच्या वाटेवर चढावरती एक मोठी चिंच आहे तिथे जाऊन बसायचे. मामंजींनी मिठागराच्या दोराने मोजून ती चिंच अर्ध्या मैलाच्या बाहेर ठरवली होती. रोगीही मागोमाग निघायचे. गाल बांधलेली पाचसात माणसं, पुढे खुर्ची घेतलेला गोरा, मागे वही घेतलेली मी. एकदा एका बाईची दाढ अर्धी हलवून झाली असताना पाणी चढलं, तर तिला तशीच उघड्या तोंडाने चिंचेपर्यंत चालवत नेली. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ती हातवाऱ्यांनी सरकारबद्दल काय वाटतं ते सांगत होती.

रात्रीही भरती येतेच, पण रात्री घराबाहेर पडायला बंदी. दोन कलमांची मारामारी. मामंजींनी निकाल दिला की घरात झोपायला सांगणारं कलम मोठं.

मी वहीत लिहीत असे: अमुक तारीख, अमुक तिथी, उधाण, दहा ते दोन चिंचेखाली, दाढा दोन. डॉक्टर सही करायचे. त्यांचा हात दात काढताना कधी कापला नाही, पण ती वही उघडली की कापायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं होतं की तांबडी शाई तर नाही ना वापरत? मी दौत दाखवली. निळी होती.

आता बांधाचं सांगते. मोरव्याची भातशेती म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून राखलेली जमीन. बांधाला भगदाड पडलं, आमच्याकडे खांड पडली म्हणतात, की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोनतीन वर्षं तिथे गवतही धड उगवत नाही. म्हणून गावाची एक बांधाची वही असे. दर घरातून एक पुरुष, पाळीपाळीने राखण, आणि खांड पडली की झाडून सगळे. काकींच्या घरी पुरुष नव्हता, त्यामुळे त्या स्वतः जायच्या आणि मुकादमापासून सगळ्यांशी भांडून यायच्या. डॉक्टर आल्यावर पुढच्याच पाळीला काकींनी जाहीर केलं, "माज्या घरी आता बाप्या हाय." बांधाच्या वहीत त्यांच्या घरापुढे लिहिलं गेलं: काकींकडचा. पहिल्या दिवशी डॉक्टर बूट घालून गेले. एक बूट चिखलाने गिळला तो अजून तिथेच असेल. पण पाळी त्यांनी एकही चुकवली नाही, कारण चुकवली असती तर काकींनी जेवायला वाढलं नसतं.

लढाईच्या दुसऱ्या भाद्रपदात, अमावास्येच्या उधाणाला, ऐन दुपारी खांड पडली. डॉक्टर तेव्हा चिंचेखाली होते, मीही वही घेऊन तिथेच. खालून आरडाओरडा ऐकू आला. डॉक्टरांनी रोग्याच्या तोंडातून हात काढला, खुर्ची तशीच टाकली आणि धावत सुटले. "डॉक्टर, भरती आहे!" मी मागून ओरडले. ते माझ्याकडे वळून काकींच्या कोंबड्यांचीच एक शिवी हासडून पुढे गेले. मी पोहोचले तेव्हा खांडीत माणसांची रांग उभी होती, छातीइतक्या पाण्यात, एकमेकांना खेटून. मागून गाळाची ढेकळं आणि पेंढ्याच्या जुड्या पुढे जात होत्या. मधोमध मामंजी आणि त्यांच्या शेजारी टाय खांद्यावर टाकलेले डॉक्टर. अडीच तासांनी खांड बुजली. पीक वाचलं.

संध्याकाळी मामंजी आंघोळ करून ओटीवर बसले आणि म्हणाले, "वही आन. लिही."

"काय लिहू? दहा ते दोन चिंचेखाली."

"खोटं नको. लिही, छातीइतक्या समुद्रात. अडीच तास."

मी त्यांच्याशी कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. हे लिहिलं तर त्या माणसाला तारांच्या आत टाकतील, तुमचं पीक वाचवलं त्याने, तुम्हाला काळीज आहे की नाही, असं बरंच काही. माझा आवाज काकींपर्यंत गेला असावा, कारण पलीकडे कोंबड्यांशी चाललेली बडबड थांबली. मामंजी म्हणाले, "एक ओळ खोटी निंगाली तर सगली वही खोटी ठरंल. मंग त्याचा साक्षीदार कोन?" मला ते पटलं नाही. पण लिहिलं. डॉक्टरांनी सही केली, आणि त्या दिवशी त्यांचा हात कापला नाही, हे मला उगाचच आठवतं.

दिवाळीनंतर बोलावणं आलं. अशा सगळ्या परक्यांची मुंबईत एका समितीपुढे चौकशी व्हायची होती. निर्धोक ठरेल त्याला मोकळीक, हुकूम मोडलेला असेल त्याला छावणी. सोबत स्थानिक अधिकारी आणि नोंदवही. मी रात्रभर त्या पानाचा विचार करत होते. वहीवर दिवा उलटला तर? पण मामंजी वही उशाला घेऊन झोपले होते.

मुंबईला आम्ही तिघं वेळेवर पोहोचलो. पण ती कचेरी निघाली समुद्राच्या अगदी कडेला. मामंजी कठड्यावरून वाकून बघत राहिले. पाणी भिंतीला लागलेलं. "कदी उतरनार?" त्यांनी एका शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, इथे असंच असतं. "इथला समुद्र हालतच न्हाय," मामंजी हताश होऊन म्हणाले, आणि डॉक्टरांना अर्धा मैल मागे नेऊन एका वडाखाली उभं केलं. समितीने बोलावलेल्या माणसाला समितीपुढे यायची लेखी परवानगी आणायला मला आत पाठवलं. मी ते साहेबांना कसं सांगितलं ते आता सांगवत नाही. टेबलामागे तिघं होते. मधल्या म्हाताऱ्या साहेबाने दोनदा ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि मुकाट्याने चिठ्ठी लिहून दिली.

चौकशी सुरू झाली. म्हाताऱ्या साहेबाने विचारलं, "ह्या माणसाने हुकूम कधी मोडला का?" मी मामंजींना मराठीत सांगितलं.

"हो. एकदा. वहीत हाय."

दुभाषी मी. खोलीत आमची मराठी कळणारं डॉक्टरांखेरीज कुणी नव्हतं. एक 'नो' म्हटलं असतं तर संपलं होतं. मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "सांग त्याला. पाटील खोटा पडंल." मी सांगितलं.

साहेबाने ते पान मागितलं. मी वाचलं: शत्रूराष्ट्राची व्यक्ती, भरतीच्या वेळी, छातीइतक्या समुद्रात, अडीच तास, चाळीस इसमांसह, हातात चिखल.

"तुम्ही त्याला थांबवलं का नाही?"

"मीबी पान्यात होतो, साहेब. दोन्ही हात बांधाला. थांबवू कंच्या हातानं?"

"पण तो तुमच्या गावचा नाही. तो तिथे का आला?"

मामंजींना हा प्रश्नच कळेना. मी पुन्हा सांगितला. मग त्यांनी पिशवीतून दुसरी वही काढली, चिखलाचे डाग पडलेली बांधाची वही, आणि काकींच्या घराची ओळ दाखवली. तीन वर्षांच्या पाळ्या, प्रत्येकीपुढे खूण. "पाळी होती त्याची," ते म्हणाले. "घर तितं बाप्या."

"इतरांनी पाळ्या चुकवलेल्या दिसतात."

"लई जनांनी. ह्यानं न्हाय."

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून तारखा ताडून बघितल्या. मग त्यांनी विचारलं, "भात आलं का?"

"आलं," मामंजी म्हणाले. "तुमच्यासाठी आनायचं ऱ्हायलं."

निकाल टपालाने येईल, असं सांगून त्यांनी आम्हाला घालवलं. मार्गशीर्ष गेला, पौष निम्मा गेला. डॉक्टर भरतीला चिंचेखाली जात राहिले. त्यांची दुसरी पेटी भरून दाराशी ठेवलेली होती ती काकींनी मला दाखवली. त्या दिवसांत त्या कोंबड्यांवरही ओरडत नव्हत्या.

मग लखोटा आला. सदर व्यक्ती निर्वासित असल्याची समितीची खात्री झाली आहे. सर्व बंधनांतून सूट. परक्यांच्या नोंदवहीतून तिचं नाव तांबड्या शाईने काट मारून कमी करावं.

शेवटचं वाक्य मी मामंजींना हळू आवाजात वाचून दाखवलं. त्यांनी भाईंदरच्या बाजारातून तांबडी शाई आणवली. डॉक्टर आले, काकी आल्या. मी वही उघडली, टाक बुडवला आणि माझा हात पुढे जाईना. डॉक्टर शाईकडे बघत उभे होते. सुटकेचा कागद आणि तो माणूस थरथरत होता. मला सरकारचा इतका राग कधीच आला नव्हता.

"थांब," मामंजी म्हणाले. "पयली बांधाची वही आन."

मी आणली. त्यांनी पान उलटून कोरी ओळ दाखवली. "हितं लिही. काकींकडचा म्हनून नको. त्याच्या नावानं, येगलं घर. निल्या शाईनं." मी डॉक्टरांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे गाव मोरवा. एव्हाना त्यांना मराठी अक्षरं येत होती. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती एकेक अक्षर जोडत वाचली, आणि तेवढ्या वेळात काकींनी दोनदा नाक पुसलं.

"आता दुसरी," मामंजी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्या हातातून टाक घेतला, आखणीची पट्टी मागितली आणि परक्यांच्या वहीतल्या आपल्या नावावर स्वतःच सरळ तांबडी रेघ ओढली. फुंकर घालून वाळवली. मग मामंजींना विचारलं, "परवा अमावास्या हाय. बाराला भरती. मना बांधावर अकराला यावं लागंल ना?"

"धाला ये," मामंजी म्हणाले. "गेल्या टायमाला उशिरा आलेलास."